उतारवयात कथालेखन थांबते तेव्हा: स्फूर्ती आटली की आजार आडवा आला?

दिवाळी अंकांसाठी वर्षानुवर्षे कथा लिहिणारे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे मधुमेहाच्या तपासणीसाठी नियमित येतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय ७४. एकदा तपासणी झाल्यावर ते सहज म्हणाले, "डॉक्टर, दोन वर्षं झाली, एकही कथा पुरी झाली नाही. आता सुचतच नाही." मी गोळ्या लिहून देता देता म्हणून गेले, "सर, वय झालं की असं व्हायचंच." ते हसले आणि गेले.

पुढच्या वेळी त्यांच्यासोबत सूनबाई आल्या. त्या म्हणाल्या, "बाबा पहाटे उठून टेबलापाशी बसतात. दोन ओळी लिहितात, खोडतात आणि वही मिटून ठेवतात. पण रात्री नातवाला मात्र रोज नवी गोष्ट रचून सांगतात." हे ऐकल्यावर माझी चूक माझ्या लक्षात आली. ज्यांना रोज नवी गोष्ट रचता येते, त्यांची स्फूर्ती आटलेली नाही. मग अडते कुठे?

उतारवयात लेखन थांबले की घरचे, स्वतः लेखक आणि कधी कधी आम्ही डॉक्टरही "वय झाले" म्हणून मोकळे होतो. पण वय हे निदान नव्हे. लेखन नेमके कोणत्या पायरीवर अडले हे शोधले तर अनेकदा उपाय सापडतो. आणि उपाय नसलेला आजार निघाला, तरी तो वेळेवर कळण्याचा फायदा असतोच.

वयानुसार मेंदूत काय बदलते?

साठीनंतर विचार करण्याचा वेग थोडा मंदावतो. एकाच वेळी अनेक गोष्टी डोक्यात धरून ठेवणे अवघड जाते. नावे, विशेषतः माणसांची आणि गावांची, जिभेवर येऊन अडकतात. हे बदल बहुतेकांमध्ये होतात आणि तो आजार नाही.

याउलट शब्दसंग्रह, जगाची माहिती आणि माणसांची पारख सत्तरीपर्यंत आणि अनेकांमध्ये त्यानंतरही चांगली टिकते. कथा-कादंबरीला लागणारा कच्चा माल नेमका हाच आहे. म्हणूनच कादंबरीकारांची उत्तम पुस्तके उतारवयातही आलेली दिसतात.

इंग्लंडच्या पेनलपी फिट्झगेराल्ड यांची पहिली कादंबरी 'द गोल्डन चाइल्ड' 1977 मध्ये आली, तेव्हा त्यांनी साठी गाठली होती. आजारी नवऱ्याची करमणूक व्हावी म्हणून त्यांनी ती लिहायला घेतली होती. दोनच वर्षांनी त्यांच्या 'ऑफशोअर'ला बुकर पुरस्कार मिळाला आणि 'द ब्लू फ्लॉवर' ही गाजलेली कादंबरी 1995 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आली. पोर्तुगालचे नोबेल विजेते जुझे सारामागो 85 वर्षांचे असताना न्यूमोनियाने गंभीर आजारी पडले. हाती घेतलेली हत्तीच्या प्रवासाची कादंबरी त्यांनी बरे झाल्यावर पूर्ण केली आणि पुढच्या वर्षी आणखी एक लिहिली. आपल्याकडे भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू' 2010 मध्ये आली, तेव्हा ते 72 वर्षांचे होते.

तेव्हा उतारवयात लेखन सावकाश होणे स्वाभाविक आहे. ते पूर्ण थांबणे मात्र स्वाभाविक आहे असे गृहीत धरू नये.

एका कथेच्या सहा पायऱ्या

कथा कागदावर येईपर्यंत मेंदू आणि शरीर ढोबळमानाने सहा कामे करतात.

१. मन लागणे: बसावेसे वाटणे, लक्ष टिकणे.
२. सुचणे: आठवणी, पाहिलेली माणसे आणि कल्पना यांची नवी जुळणी होणे.
३. धरून ठेवणे: पात्रे, घटनांचा क्रम, आधी काय लिहिले हे ध्यानात असणे.
४. शब्द सापडणे: मनातल्या अर्थाला नेमका शब्द मिळणे.
५. उतरवणे: हाताने लिहिणे किंवा टाइप करणे.
६. परत वाचणे: लिहिलेले पाहून दुरुस्त करणे.

लेखक "सुचत नाही" म्हणतात, तेव्हा अडचण दुसऱ्या पायरीवरच असेल असे नाही. या सर्व अडचणींना मराठीत आपण एकच वाक्य वापरतो, एवढेच. पुढे काही कादंबरीकारांची उदाहरणे दिली आहेत. प्रत्येकाची अडलेली पायरी वेगळी होती.

वाचता येईना, पण लिहिता येत होते: हॉवर्ड एंगेल

कॅनडातील रहस्यकथाकार हॉवर्ड एंगेल 2001 मध्ये 70 वर्षांचे होते. एका सकाळी त्यांनी वर्तमानपत्र उघडले, तर अक्षरे अनोळखी लिपीतली वाटली. नजर ठीक होती, बोलणेही ठीक होते, पण एक शब्द वाचता येईना. तो पक्षाघाताचा, म्हणजे स्ट्रोकचा झटका होता. मेंदूच्या मागच्या बाजूला, डोळ्यांनी दिसलेल्याचा अर्थ लावणाऱ्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडला होता.

लिहिण्याचे काम मेंदूचे दुसरे भाग करतात. त्यामुळे एंगेल लिहू शकत होते, पण स्वतः लिहिलेले वाचू शकत नव्हते. म्हणजे त्यांची पाचवी पायरी शाबूत होती आणि सहावी तुटली होती. पुनर्वसन उपचारांमध्ये त्यांनी हळूहळू एकेक अक्षर ओळखण्याचा सराव केला. दिसलेले अक्षर जिभेच्या टोकाने दातांमागे गिरवून ते ओळखायचे. वाचन अतिशय संथ झाले, पण सुरू झाले. 2005 मध्ये त्यांची 'मेमरी बुक' ही कादंबरी आली. तिच्यातल्या गुप्तहेरालाही डोक्याला मार लागून हाच त्रास झालेला आहे. स्वतःचा अनुभव त्यांनी पुढे 'द मॅन हू फरगॉट हाउ टू रीड' या पुस्तकात सांगितला.

यातून रुग्णांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. स्ट्रोक म्हणजे फक्त तोंड वाकडे होणे किंवा हातपाय लुळे पडणे नव्हे. अचानक वाचता न येणे, एका बाजूचे न दिसणे, बोलताना शब्द न फुटणे किंवा दुसऱ्याचे बोलणे न समजणे हीही स्ट्रोकची लक्षणे आहेत. "चष्म्याचा नंबर वाढला असेल, उद्या दाखवू" असे म्हणून थांबू नका. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. त्रास किती वाजता सुरू झाला हे लिहून ठेवा.

उतरवणे अवघड झाले: टेरी प्रॅचेट

इंग्लंडचे लोकप्रिय कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांना आपले टायपिंग आणि स्पेलिंग बिघडत चालल्याचे जाणवू लागले. 2007 मध्ये, वयाच्या 59 व्या वर्षी, निदान झाले. अल्झायमरचाच एक विरळ प्रकार, ज्यात मेंदूचा मागचा भाग आधी बाधित होतो. अशा रुग्णांची स्मरणशक्ती आणि बोलणे सुरुवातीला बऱ्यापैकी टिकते, पण समोरच्या वस्तू, अक्षरे आणि कळा डोळ्यांना नीट उमगत नाहीत.

प्रॅचेट यांनी साधन बदलले. ते सहायकाला मजकूर सांगू लागले आणि आवाज ऐकून टाइप करणारे सॉफ्टवेअर वापरू लागले. 2015 मध्ये निधन होईपर्यंत त्यांची पुस्तके येत राहिली. आजार बरा झाला नाही, पण पाचवी पायरी ओलांडण्याचा दुसरा रस्ता मिळाल्यामुळे मधली सात वर्षे वाया गेली नाहीत.

आपल्याकडे या पायरीवर अडणाऱ्यांची कारणे बहुधा साधी असतात.

• मोतीबिंदू: ओळी पुसट दिसतात, दिव्याचा उजेड डोळ्यांवर येतो. लिहिणारा थकतो आणि त्याला "कंटाळा" म्हणतो.
• अक्षर बारीक होत जाणे: ओळीच्या सुरुवातीला ठीक आणि शेवटाकडे मुंगीएवढे. हे कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे, सुरुवातीचे लक्षण असू शकते.
• लिहितानाच हात थरथरणे आणि अक्षर मोठे, वेडेवाकडे येणे: हा कंप बहुधा वेगळ्या प्रकारचा असतो आणि त्यावर औषधे आहेत.
• बोटांचा संधिवात, किंवा मनगटात नस दबल्याने हाताला येणाऱ्या मुंग्या.

कंपवाताच्या काही औषधांनी लिहिण्याची, चित्रे काढण्याची ओढ एकाएकी फार वाढल्याचे दिसते. सोबत जुगार किंवा बेसुमार खरेदीही सुरू झाली, तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. औषध आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

शब्द निसटू लागले: आयरिस मर्डॉक

आयरिस मर्डॉक यांची 'जॅक्सन्स डिलेमा' ही शेवटची कादंबरी 1995 मध्ये आली, तेव्हा त्या 76 वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्यांना लिहिता येईना. सुरुवातीला हा लेखकांना अधूनमधून येणारा अडसर समजला गेला. 1997 मध्ये अल्झायमरचे निदान जाहीर झाले आणि 1999 मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी त्यांच्या तीन कादंबऱ्यांची भाषा तपासली: 1954 ची पहिली, 1978 ची बुकर मिळालेली आणि 1995 ची शेवटची. वाक्यांची व्याकरणाची घडण शेवटपर्यंत बरीचशी टिकली होती. पण शेवटच्या कादंबरीत शब्दांची विविधता कमी झाली होती आणि शब्द अधिक नेहमीच्या वापरातले होते. म्हणजे निदान होण्याआधीच चौथी पायरी खचू लागली होती आणि ते कोणाच्या लक्षात आले नव्हते.

याचा अर्थ असा नाही की तुम्ही वडिलांच्या जुन्या-नव्या कथा घेऊन शब्द मोजत बसावे. साधी भाषा ही अनेक लेखकांनी जाणूनबुजून केलेली निवड असते. लिखाणावरून घरबसल्या निदान होत नाही. पण लेखक स्वतः "शब्द सापडत नाहीत" असे पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर त्याकडे तक्रार म्हणून नव्हे, लक्षण म्हणून पाहावे.

नेहमीचे विसरणे आणि काळजीचे विसरणे

बहुधा काळजीचे नाही:
• पात्राचे नाव आठवत नाही, पण थोड्या वेळाने आठवते.
• नेमका शब्द उशिरा सुचतो.
• पूर्वी आठवड्यात होणाऱ्या कथेला महिना लागतो.
• कथानक लक्षात ठेवायला टिपणवही लागते, पण वही पाहिली की सगळे उलगडते.

डॉक्टरांना दाखवावे असे:
• काल लिहिलेली पाने आपण लिहिली हेच आठवत नाही.
• तोच प्रसंग पुन्हा पुन्हा लिहिला जातो आणि ते लक्षात येत नाही.
• वस्तूंची साधी नावे जाऊन "ते... ते हे" असे शब्द वाढतात.
• टिपणवही पाहूनही संदर्भ लागत नाही.
• लेखनाबरोबर पैशांचे व्यवहार, गोळ्यांच्या वेळा, ओळखीचे रस्ते यातही चुका होतात.
• हे बदल काही महिन्यांत वाढत गेले आहेत.

गोंधळ एक-दोन दिवसांतच सुरू झाला असेल, तर तो डिमेन्शिया नसून बहुधा संसर्ग, शरीरातील सोडियम कमी होणे, साखर कमी होणे किंवा औषधाचा परिणाम असतो. अशा वेळी त्याच दिवशी दाखवावे.

मन लागत नाही

जोडीदाराचा मृत्यू, निवृत्ती, मुले परगावी जाणे यानंतर लेखन काही काळ थांबते. दुःखाला वेळ लागतोच. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस उदास वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, आवडीच्या कशातच रस न उरणे, आपण ओझे झालो असे वाटणे ही नैराश्याची लक्षणे आहेत. ज्येष्ठांमध्ये नैराश्य कधी कधी विसराळूपणासारखे दिसते. ते समुपदेशनाने आणि औषधांनी सुधारते. "लेखक म्हणजे उदास असायचाच" या समजुतीपायी उपचार टाळू नका. जगणे नको असे बोलणे निघाले, तर ते हलक्यात घेऊ नका. तशा व्यक्तीला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

तपासून पाहावीत अशी, सुधारणारी कारणे

• व्हिटॅमिन बी-12 ची कमतरता: शाकाहारी ज्येष्ठ, मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणारे आणि ॲसिडिटीच्या गोळ्या सतत घेणारे यांच्यात हे अधिक आढळते.
• थायरॉइड मंदावणे.
• औषधे: झोपेच्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, लघवी वारंवार होण्यावरची काही औषधे. यांनी विचारांवर धुके आल्यासारखे होते. औषधांच्या दुकानातून स्वतः आणलेल्या गोळ्याही डॉक्टरांना दाखवा.
• साखर कमी होणे: काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे पहाटे उपाशीपोटी लिहायला बसतात. घाम, थरथर, सुन्नपणा येत असेल तर त्याच वेळी साखर तपासा.
• ऐकू कमी येणे: माणसांची बोलणी कानावर पडणे बंद झाले की कथाकाराचा कच्चा मालच बंद होतो. शिवाय माणूस एकटा पडतो.
• घोरणे आणि झोपेत श्वास अडणे: दिवसभर लक्ष लागत नाही.

लेखन सुरू ठेवण्यासाठी

• दिवसातली तल्लख वेळ ओळखा. बऱ्याच ज्येष्ठांना सकाळ मानवते. अर्धा-पाऊण तासाची बैठक पुरे.
• लिहिण्याआधी चाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 2014 मधील प्रयोगांत बसून विचार करण्यापेक्षा चालताना आणि चालल्यानंतर लगेच लोकांना अधिक नव्या कल्पना सुचल्या. सपाट, ओळखीचा रस्ता निवडा.
• खिशात लहान वही ठेवा. "नंतर लिहीन" या भरवशावर राहू नका. तिसरी पायरी वहीवर सोपवली की डोके सुचण्यासाठी मोकळे राहते.
• मोठ्या कामासाठी पात्रांची नावे, वये आणि नाती यांचा तक्ता भिंतीवर लावा.
• हात किंवा डोळे साथ देत नसतील, तर मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा. मराठी बोलणे टाइप होण्याची सोयही आता फोनमध्ये असते.
• झोप पूर्ण करा. रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवा. मेंदूच्या रक्तवाहिन्यांसाठी हे सर्वात महत्त्वाचे आहे.

घरच्यांनी काय करावे?

"काय लिहिलंत आज?" असे रोज विचारू नका. त्याऐवजी "कुठे अडतंय?" असे विचारा आणि ऐका. मजकूर सांगून लिहून घ्यायचा असेल तर सांगितलेले जसेच्या तसे लिहा, तुमची वाक्ये घालू नका. डॉक्टरांकडे जाताना सोबत जा. रुग्ण जे सांगत नाही ते अनेकदा घरच्यांनी पाहिलेले असते.

डिमेन्शियाचे निदान झाले असेल तर एक नाजूक विषय लवकर बोलून घ्या: अपुऱ्या आणि अप्रकाशित लेखनाचे काय करायचे? गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांनी स्मरणशक्ती ढासळण्याच्या काळात लिहिलेली कादंबरी छापू नये, नष्ट करावी असे सांगितले होते. त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, 2024 मध्ये, मुलांनी ती प्रसिद्ध केली. ते योग्य की अयोग्य यावर आजही दोन मते आहेत. तुमच्या घरात अशी वेळ येऊ नये असे वाटत असेल, तर लेखकाची इच्छा तो स्पष्ट सांगू शकतो तोपर्यंतच विचारा आणि लिहून ठेवा.

सरांचे पुढे काय झाले?

सूनबाईंचे ऐकल्यावर मी सरांना वहीच आणायला सांगितली. अक्षर सुबक होते, पण ओळी एकमेकींवर चढलेल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. बी-12 बरेच कमी होते. शिवाय सर्दीसाठी म्हणून ते दोन वर्षे रोज रात्री गुंगीची एक गोळी घेत होते. ती त्यांना "औषध" वाटतच नव्हती, त्यामुळे मला कधी सांगितली नव्हती आणि मीही विचारले नव्हते. स्मरणशक्तीची चाचणी वयाच्या मानाने चांगली आली.

गोळी बंद केली, बी-12 ची इंजेक्शने झाली, दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या. सात महिन्यांनी ते एक कथा घेऊन आले. पूर्वीपेक्षा आखूड होती आणि लिहायला तीन महिने लागले होते. "वेग गेला तो गेलाच," ते म्हणाले. मी म्हणाले, "सर, तेवढं मात्र वयाचं." या वेळी ते वाक्य तपासणी झाल्यानंतरचे होते.

प्रत्येकाच्या बाबतीत असा शेवट होत नाही. काहींच्या तपासणीत अल्झायमर निघतो, आणि तो परतवणारे औषध आज नाही. सध्याच्या औषधांनी काहींना काही काळ लक्षणांत थोडी मदत होते. पण कोणती पायरी शाबूत आहे हे कळले, तर तिच्या आधाराने पुढची काही वर्षे कशी घालवायची हे ठरवता येते. म्हणून घरातल्या लिहित्या माणसाची वही मिटलेली दिसली, तर निष्कर्ष काढण्याआधी एकदा तपासणी करून घ्या. जाताना ती वहीही सोबत न्या.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषधे सुरू किंवा बंद करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.